आमच्याकडे तसं होत नाही

तक्रार तिसऱ्यांदा बंद झाली तेव्हा मी संत्रं सोलत होते. बोटं चिकट झालेली, म्हणून माऊस मनगटानं ढकलत ते उत्तर उघडलं. आपण कळवलेली अडचण आम्हाला पुन्हा घडवून आणता आली नाही. आमच्याकडे तसं होत नाही. त्यामुळे ही तक्रार बंद करण्यात येत आहे. आपला दिवस आनंदात जावो. मी संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि चावायचीच विसरले. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझी तशी जात नाही. माझी पोटातून निघते, मानेपाशी येऊन अडते आणि तिथेच ठाण मांडून बसते. आमच्या सगळ्या संगणकांवर जी कार्यप्रणाली चालते, ती बनवणारी ही कंपनी. संगणक सुरू केला की सगळ्यांत आधी जागी होते आणि मग बाकीच्या प्रोग्रामना कामं वाटून देते, ती ही बया. तिच्यात दोष आहे असं मी पुन्हा पुन्हा लिहून कळवलं होतं, पडद्याची चित्रं जोडून, अगदी नम्रपणे. नम्रपणा मला जमत नाही. एकेक वाक्य लिहायचं, मग त्याचे दात उपटायचे आणि मग पाठवायचं, असं चाललं होतं. आणि पलीकडे कोणीतरी, ज्याचं तोंडही मी कधी बघणार नाही, एक कळ दाबून मला निकालात काढत होतं.

आमच्याकडे तसं होत नाही. या वाक्याची आणि माझी जुनी ओळख. शाळेत असताना माझ्या डाव्या कानात आवाज यायला लागला, बारीक, सतत, रिकाम्या खोलीत पंखा चालू राहिल्यासारखा. वडील टाइपरायटर दुरुस्त करायचे. मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला, वाकले, स्वतःचा कान माझ्या कानाला लावला आणि डोळे मिटून खरोखर मन लावून ऐकलं. तेलाचा आणि शाईचा वास आला. मग ते सरळ झाले आणि म्हणाले, "मला तर काही ऐकू येत नाही." झालं, विषय संपला. आईनं त्याला शाळा बुडवायचं निमित्त म्हटलं, आणि बहिणीनं तर कित्येक दिवस कानावर हात ठेवून माझी नक्कल केली. पुढे कमवायला लागल्यावर मी माझ्या पैशांनी कानाच्या डॉक्टरकडे गेले. आतली इजा जुनी आहे, म्हणाला, तेव्हाच आणलं असतं तर काही करता आलं असतं. तो अहवाल मी वडिलांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "असेल." असेल! त्या एका शब्दावर मी अजून चिडलेली आहे. ते जाऊनही आता बराच काळ झाला. गेलेल्या माणसावर चिडून राहणं फार दमवतं, भांडणातली त्याची बाजूही आपल्यालाच लढवावी लागते.

आमच्या कार्यशाळेत कृत्रिम पाय बनतात. माझा पायांशी संबंध नाही. मी संगणक आणि त्यांच्या वायरी बघते, म्हणून पाठीमागे 'वायरवाली' आणि तोंडावर ताई. गुडघ्याखाली पाय कापला की जो भाग उरतो त्याला इथे स्टंप म्हणतात, आणि तो ज्या पेल्यासारख्या खोबणीत बसतो ते सॉकेट. सॉकेट बसलं तर माणूस चालतो. नाही बसलं तर पाय कितीही भारी असो, घरात दाराआड उभा राहतो आणि माणूस कुबड्या घेऊन फिरतो. सॉकेटचे साचे करायचे ते साचेकाका. आधी प्लास्टरमध्ये कोपरापर्यंत बुडलेले असायचे. मग स्कॅनर आला, स्टंपचा आकार पडद्यावर यायला लागला, आणि काकांनी कुरकुरत का होईना, माऊस हातात घेतला. हाडाचं टोक जिथे टोचेल तिथे थोडी जागा सोडायची, मांस जिथे भार पेलेल तिथे थोडं दाबायचं. मग ती फाइल सामाइक फोल्डरमध्ये जतन करायची. ही माझ्या खोलीतल्या सर्व्हरवरची जागा, सगळ्यांना आपापल्या संगणकावरून दिसते. पलीकडच्या दालनातलं मशीन तिथूनच फाइल उचलतं आणि साचा कोरतं. मधे कोणी माणूस नाही. सगळा भरवसा त्या फोल्डरवर.

कार्यप्रणालीचं नवं अपडेट आलं त्यानंतर थोड्याच दिवसांत एक शिवणकाम करणारी बाई पाय परत घेऊन आली. पाय काखेत आणि मोजा जखमेला चिकटलेला. काकांनी तो पाण्यानं भिजवून हळूहळू सोडवला. हाडाच्या टोकावर मोठ्या बटणाएवढी जागा सोलवटून निघाली होती. "इथे तर मी जागा सोडली होती," काका म्हणाले. फाइल उघडली तर जागा सोडलेली नव्हती. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, जणू पडद्याखाली चाचपलं तर सापडेल. बाई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. पुढच्या पेशंटच्या वेळी पुन्हा तेच, आणि मग पुन्हा. एका संध्याकाळी निघायच्या वेळी काकांनी मला हाक मारली. "अगं, जरा बघ. आहे ना इथे? तू बघ म्हणजे मी घरी जातो." मी बघितलं. हाडापाशी फुगवटा होता, निळ्या रंगात, अंगठ्यानं दाबून केल्यासारखा. मी आहे म्हटलं, त्यांनी संगणक बंद केला, आम्ही बरोबरच जिना उतरलो. सकाळी संगणक सुरू केला तर फुगवटा नव्हता. काकांनी फाइलकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं.

मी तडक व्यवस्थापकांकडे गेले. त्यांना कोणीही काहीही सांगितलं, अगदी इमारतीला आग लागली असं सांगितलं, तरी ते आधी बरं बरं म्हणतात, म्हणून त्यांचं नावच बरंबरं. "बरं बरं," ते म्हणाले, "पण सर्व्हरच्या नोंदीत काय आहे?" नोंदीत फाइल उघडली आणि बंद झाली, एवढंच होतं. "मग?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी स्वतः बघितलंय. "तुम्हीही दमला असाल, ताई. मी रोज त्याच फोल्डरमध्ये काम करतो, माझ्याकडे असं कधी होत नाही." मग खुर्ची थोडी पुढे ओढून, मोठ्या कळवळ्यानं म्हणाले, "काकांच्या वडिलांचंही शेवटी असंच झालं होतं म्हणे. कोणाला ओळखायचे नाहीत." तो कळवळा मला जन्मभर पुरेल. दोन दिवसांत तो सगळ्या कार्यशाळेत पसरला. ज्या लोकांनी काकांशी कायम अरे ला का रे केलं, ते त्यांच्याशी हळू आणि मोठ्यानं बोलायला लागले. चहाचा कप त्यांच्या हातात देऊन वर 'गरम आहे हं' म्हणायला लागले. घरी मुलानं स्कूटरची किल्ली काढून घेतली. काकू त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेल्या, डॉक्टरनं फाइल कुठे असते ते न विचारता आठवणीच्या गोळ्या दिल्या. आणि बरंबरं साहेबांनी त्यांना साच्यांवरून काढून तात्पुरतं पाय बांधायचे पट्टे चिकटवायला बसवलं. काका विरोध करतील असं मला वाटलं होतं. ते मान खाली घालून पट्टे चिकटवत बसले. मधेच थांबून बोटांवर काहीतरी मोजायचे, दिवस असतील किंवा नावं. एका माणसाचं डोकं ठिकाणावर नाही हे सगळे मिळून त्याला पटवत होते, आणि ते खोटं होतं. त्याला ते पुरतं पटायच्या आत मला ते खोटं ठरवायचं होतं. माझी सगळी धडपड एवढ्यासाठीच होती, बाकी त्या कंपनीच्या कार्यप्रणालीचं वाटोळं झालं असतं तरी मला सोयरसुतक नव्हतं.

तर तक्रारी. पहिली बंद झाली, तेव्हा त्यांनी एका मुलाला मला फोन करायला लावला. आवाज गोड, मागे शंभर तसेच आवाज. "मॅडम, संगणक एकदा बंद करून चालू केलात का?" मी म्हटलं, "बंद करून चालू केला की बदल जातो, तीच तर तक्रार आहे." तो म्हणाला, "मग मॅडम, बंद करू नका." मी फोन कानापासून दूर धरला. डाव्या कानात तो पंखा जोरात फिरत होता. राग आला की तो वाढतो, की राग मुळात त्याच्यातूनच येतो, मला अजून कळलेलं नाही. तिसरी बंद झाली त्या दिवशी मी काकांच्या टेबलाशी बसून, त्यांच्याच संगणकावर फाइली उघडल्या, बदलल्या, जतन केल्या. बोटाचं टोक बधिर होईपर्यंत केल्या. दर वेळी सगळं ठीक. पलीकडच्या मशीनवर बघावं तर तिथेही माझा बदल इमानदारीत हजर. इथेच घोडं पेंड खात होतं. माझ्याकडेही तसं होत नव्हतं. म्हणजे मीही त्या गोड आवाजाच्या बाजूला, वडिलांच्या बाजूला जाऊन उभी राहिले होते, कान लावून, डोळे मिटून, आणि मला काही ऐकू येत नव्हतं. त्या विचारानं मी इतकी चिडले की संत्र्याची सालं तशीच टेबलावर टाकून खाली गेले आणि काकांच्या हातातला पट्टा काढून घेतला.

"चला. एक साचा करायचाय."

"नको गं. उगाच कशाला. ते रागावतील."

"रागावू देत. मी पण रागावलेलीच आहे."

ते आले, खुर्चीच्या कडेवर बसले, दुसऱ्याच्या घरी बसल्यासारखे. मी एक जुनी फाइल उघडून दिली. आधी माऊस नुसताच इकडेतिकडे फिरवला, मग हळूहळू खांदे खाली आले आणि ते आकारात शिरले. मी शेजारी बसून पडद्यावरून नजर हलवली नाही. किती वेळ गेला कोण जाणे. त्यांनी फुगवटा काढला, गोल केला, मान तिरकी करून बघितला आणि जतन केलं. मला पडद्यावर वेगळं काहीच दिसलं नाही, पण ऐकू आलं. टक, टक.

"काका, दोनदा का दाबलंत?"

"काय?"

"जतन करताना. कळ दोनदा दाबलीत."

"छे. एकदाच."

"परत करा बघू."

त्यांनी परत केलं. टक, टक. यावेळी त्यांनीही ऐकलं, आणि स्वतःच्या हाताकडे असं बघितलं, जणू तो हात चोरी करताना सापडला होता. मग आठवून आठवून सांगितलं. पहिले संगणक आले तेव्हा त्यांच्या कळा रुतायच्या, दाबलेलं कधी लागायचं, कधी नाही. शिकवायला आलेल्या माणसानं सगळ्यांना सांगितलं होतं, दोनदा दाबा, काम हातचं जायला नको. त्या वेळचे सगळे तसंच करायचे. ते सगळे निवृत्त झाले, काका उरले. "एकदा दाबून विश्वास बसत नाही गं," ते म्हणाले. नवी मुलं एकदाच दाबतात, काही तर दाबतच नाहीत, प्रोग्राम आपोआप जतन करतो. मीही एकदाच दाबते. व्यवस्थापकही एकदाच. आणि त्या कंपनीच्या प्रयोगशाळेत, तिथे कशाला कोणी दोनदा दाबेल? मी धावत पलीकडच्या दालनात गेले. मशीनच्या संगणकावर तीच फाइल उघडली. फुगवटा नव्हता. धावत परत आले. काकांच्या पडद्यावर फुगवटा होता. एकाच नावाची एकच फाइल, भिंतीच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरी. काकांचा संगणक बंद करून चालू केला, आणि त्यांच्याकडचाही गेला. पहिलं जतन सर्व्हरच्या वाटेवर असताना मागून लगेच दुसरं आलं की नवी कार्यप्रणाली गोंधळायची आणि दोन्ही टाकून द्यायची. सर्व्हरवर जुनीच फाइल राहायची. आणि संगणकाला ती सांगायची, झालं. संगणक आपल्या जवळची प्रत दाखवत राहायचा, बंद होईपर्यंत.

मला आनंद व्हायला हवा होता. मला एवढंच दिसत होतं की जो एकदा दाबून निघून जातो, ज्याला पर्वा नाही, त्याचं सगळं नीट पोचतं, आणि ज्याला काम हातचं जाण्याची भीती आहे, जो जीव ओतून आणखी एकदा दाबतो, त्याचंच जातं. हे कोणाच्या तरी हातून झालेलं होतं. कोणीतरी घाईत लिहिलेल्या दोन ओळी असतील, आणि त्या ओळींनी त्या बाईची कातडी सोलली आणि या माणसाला गोळ्या सुरू केल्या. मी वळून काकांना म्हटलं, "सापडलं! तुमची काही चूक नाही." ते अजून हाताकडेच बघत होते. "पण मला माहीतच नव्हतं गं," ते म्हणाले. "मी दोनदा दाबतो हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे हात काय करतो तेही आता कळत नाही."

"काका, सवयीचं कोणालाच कळत नसतं!" मी ओरडले. सगळं दालन वळून बघायला लागलं, आणि काकांनी पटकन, मला सांभाळून घ्यावं तसं, मान हलवली.

चौथी तक्रार मी नम्रपणा बाजूला ठेवून लिहिली. दोन पडदे शेजारी शेजारी ठेवून चित्रफीत काढली, टक टक आवाजासकट. यावेळी त्यांच्याकडे तसं झालं. उत्तर आलं: दोष मान्य आहे, तो काही मोजक्याच वापरकर्त्यांना जाणवू शकतो, पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्ती येईल, तोपर्यंत वापरकर्त्यांनी लागोपाठ दोनदा जतन करणं टाळावं. मोजक्याच! टाळावं! मी ते उत्तर छापून बरंबरं साहेबांच्या टेबलावर आपटलं. "बरं बरं," त्यांनी वाचून म्हटलं, "छान झालं, सुटला प्रश्न." मी म्हटलं, मग काकांना उद्यापासून साच्यांवर बसवा. त्यांनी कागदाच्या कडा जुळवल्या. "त्यांच्या घरूनच फोन आला होता, ताई. थोडे दिवस आराम करू दे म्हणाले. आणि हे बघा, कंपनीनं फाइलीचं मान्य केलंय. माणसाचं त्यात काही लिहिलेलं नाही."

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी काकांच्या घरी गेले. तिसरा मजला, दारात चपला ओळीनं लावलेल्या. काकूंनी दार उघडलं, मी कोण ते काकांनी आतून सांगितलं, आणि चहा मी करतो म्हणून ते स्वयंपाकघरात गेले. काकू माझ्याशी बोलता बोलता उठल्या, आत गेल्या, गॅसच्या बटणाला हात लावून आल्या. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मी कागद काढला. दोन कप घेतले, हा इकडचा संगणक, हा तिकडचा, असं मांडून सगळं सांगितलं, बाईची जखम, फुगवटा, दोनदा दाबणं, कंपनीची कबुली. काकू गुडघ्यावर हात ठेवून नीट ऐकत होत्या. काका समोर बसून माझ्याकडे नाही, काकूंच्या चेहऱ्याकडे बघत होते. माझं संपल्यावर काकू म्हणाल्या, "बरं झालं हो," आणि कप उचलून आत नेले. मी त्यांच्या मागे गेले. नळ सोडून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून, त्या हळू बोलल्या.

"फार चांगल्या आहात तुम्ही. त्यांना बरं वाटावं म्हणून एवढ्या लांब आलात. हल्ली कोण करतं असं?"

"काकू, मी त्यांना बरं वाटावं म्हणून नाही आले. हे खरं आहे."

"हो ना," त्या म्हणाल्या आणि माझ्या दंडावर ओला हात ठेवला.

'खोटं आहे' म्हणाल्या असत्या तर मी भांडले असते. कागद पुन्हा उलगडला असता, फोनवरची चित्रफीत दाखवली असती, घसा फोडला असता. 'हो ना' म्हटल्यावर मात्र मऊ गादीवर बुक्के मारल्यासारखं झालं. मी निघते म्हटलं. काका लगेच उठले. "हिला स्टॉपपर्यंत सोडून येतो," म्हणाले आणि चपला घालायला वाकले. त्यांच्या वाकलेल्या पाठीवरून काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "परत आणून सोडाल ना त्यांना?" त्यांनी आवाज लहान केला होता, पण काका तिथेच होते. ते चपलेचा पट्टा लावत होते, तो लागला तरी लावत राहिले.

"ते येतील एकटे," मी मोठ्यानं म्हटलं.

रस्त्यानं ते मला खड्डे दाखवत होते, इथे जपून, इथे पाणी साठतं. दुकानदार त्यांना नमस्कार करत होते आणि ते प्रत्येकाला नावानं हाक मारून उत्तर देत होते. मी मनातल्या मनात एकेक नाव पुरावा म्हणून गोळा करत होते, कोणाला दाखवायला देव जाणे. स्टॉपवर आम्ही उभे राहिलो. बस वळणावर दिसली.

"तू सांगितलंस ते मला कळलं," काका म्हणाले. "पटलं पण. माझं डोकं ठीक आहे."

"मग घरी सांगा ना! ठणकावून सांगा."

"सांगितलं. ती हो म्हणते." ते हसले. बस येऊन थांबली, दार उघडलं. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा त्यांनी माझ्या पिशवीला हात लावला. "जाऊ दे ही बस. दुसरी मिळेल. चल, मला घरापर्यंत सोड."

"काका, तुम्ही एकटे जा. तुम्हाला रस्ता माहीत आहे."

"आहे गं. पण ती गॅलरीत उभी असेल. एकटा येताना दिसलो की जिना उतरून धावत येईल. गुडघे दुखतात तिचे."

कंडक्टरनं चढायचंय की नाही विचारलं. मी पाय खाली घेतला. आम्ही आलो त्याच रस्त्यानं परत गेलो, तेच खड्डे, तेच दुकानदार, फक्त आता मी त्यांच्या दंडाला धरलं होतं, कारण त्यांनीच कोपर माझ्यापुढे केलं होतं. कोपऱ्यावरून वळलो तर काकू खरंच गॅलरीत होत्या, कठड्यावरून वाकलेल्या. आम्हाला दोघांना बघून त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी वरून मला हात हलवला, आभार मानल्यासारखा, आणि मला त्यांचा इतका राग आला की मीही हात हलवला.